राजधानी कशी चालवावी: वेशी लावून घेणारं छांगआन की रात्री जागणारं खायफंग?

नदीकाठ
चिनी राजधान्यांचा विषय निघाला की थांग घराण्याच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) छांगआनचं, म्हणजे आजच्या शीआनचं, गुणगान सुरू होतं. ५८२ साली थांगांच्या आधीच्या स्वै घराण्याच्या सम्राटासाठी युवन खायने आखलेलं हे शहर, क्षेत्र सुमारे ८४ चौरस किलोमीटर, मधला राजरस्ता जवळपास १५० मीटर रुंद. नकाशा देखणा आहेच. पण तिथे राहायचं कसं, ते बघा. शंभरावर वस्त्या आणि प्रत्येकीला चारी बाजूंनी भिंत. संध्याकाळचे नगारे वाजले की वेशी बंद. त्यानंतर हमरस्त्यावर सापडलात तर २० फटके. बडा अधिकारी नसाल तर घराचं दार थेट रस्त्यावर काढायची सोय नाही. खरेदी पूर्वेच्या नाहीतर पश्चिमेच्या बाजारात, तीही भर दुपारी नगाऱ्याचे ३०० ठोके पडल्यावर. एवढं करूनही दक्षिणेकडच्या वस्त्या विरळच राहिल्या, तिथे शेती होत होती.

याउलट थांगांनंतरच्या सुंग घराण्याची राजधानी खायफंग. ९६५ साली सम्राट थायझूने रात्रीचा बाजार मध्यरात्रीपर्यंत चालू द्यायचा हुकूम काढला. पुढे वस्त्यांच्या भिंती गेल्या, दुकानं रस्त्यावर आली. मग सुरक्षेचं काय? दर ३०० पावलांवर पाच शिपायांची चौकी. उंच जागी विटांचे मनोरे, वर आगीवर नजर ठेवणारा माणूस, खाली शंभरावर सैनिक आणि त्यांच्यापाशी बादल्या, कुऱ्हाडी, करवती, शिड्या तयार. माणसांना कोंडून न ठेवता शहर सांभाळता येतं, हे खायफंगने दाखवलं. माझ्या मते चिनी नगरकारभारातली सर्वांत मोठी झेप हीच.

दुर्गवेडा
साफ असहमत. छांगआनची तुम्ही अर्धीच बाजू मांडलीत. रात्रीची बंदी हमरस्त्यांवर होती. वेशीच्या आत, आपल्या वस्तीत, फिरायला मोकळीक होती. लग्नकार्य असेल, घरात कुणी आजारी असेल, वैद्य आणायचा असेल, मयत असेल, तर बाहेर पडायची कायद्यातच तरतूद होती, वस्तीचा कागद दाखवला की झालं. कोण कुठल्या वस्तीत राहतो हे नेमकं ठाऊक असल्याशिवाय असा कागद देता येत नाही. राजरस्त्याच्या पूर्वेला वान्नियन, पश्चिमेला छांगआन असे दोन तालुके आणि त्यांच्या वर एक प्रमुख. जबाबदारी कुणाची, हा प्रश्नच उरत नव्हता.

आणि तुमच्या चौक्या-मनोऱ्यांचं वर्णन खायफंगचा जुना रहिवासी मेंग युआनलाओ याच्या आठवणींतलं आहे. शहर उत्तरेकडून चालून आलेल्या जुर्चेन लोकांच्या हाती गेल्यावर दक्षिणेत बसून त्याने ते लिहिलं. गमावलेलं गाव आठवताना खड्डे कोण आठवतो? भिंती गेल्यावर खायफंगमध्ये अतिक्रमणं किती माजली, तेही सांगा की! बड्या घराण्यांनी हुइमिन नदीच्या पात्रात बागा आणि मंडप उभारले, पात्र तुंबलं आणि शहरात पाणी शिरलं.

नदीकाठ
@दुर्गवेडा, पाणी शिरल्यावर काय झालं तेही सांगायला हवं होतं. त्या वेळचा नगरप्रमुख बाओ चंग याने ती सगळी बांधकामं पाडून टाकली, बड्यांची असूनही. कचेरीचं मुख्य दार उघडून फिर्यादींना थेट आपल्यासमोर येऊ दिलं. हे मेंगच्या आठवणींत नाही, सुंगांच्या अधिकृत इतिहासात आहे. अतिक्रमण कुठल्या शहरात होत नाही? ते हटवणारा अधिकारी टिकतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शिवाय तुमच्या भिंती थांग काळातच पोकळ झाल्या होत्या. ८४० साली राजधानीतले रात्रीचे बाजार बंद करण्याचा हुकूम काढावा लागला. बाजार भरतच नसते तर हुकूम कशाला लागला असता?

धान्यकोठार
दोघंही भिंतींवर भांडताय, पोटाचं कुणी बोलत नाही. छांगआनच्या आसपासची शेती एवढ्या मोठ्या शहराला पुरत नव्हती. टंचाई आली की सम्राट अख्ख्या दरबारासकट पूर्वेकडच्या दुसऱ्या राजधानीत, लुओयांगला, मुक्काम हलवायचे. ७३४ पासून पे याओछिंग या मंत्र्याने धान्याची जलवाहतूक टप्प्याटप्प्यात वाटली. एका पट्ट्यातली नाव त्या पट्ट्यातच फिरणार, टप्प्यावर कोठारात माल उतरणार, पाणी अनुकूल झालं की पुढे जाणार. तीन वर्षांत ७० लाख श धान्य पोचलं (श हे त्यांचं धान्याचं माप). माझ्या लेखी थांग काळातली सगळ्यात हुशार नगरव्यवस्था ही आहे, आणि ती शहराच्या बाहेर उभी होती.

खायफंग बियन कालव्यावरच वसलेलं, त्यामुळे वर्षाला ६० लाख श थेट दारात. पण आजूबाजूला सपाट मैदान, आडोशाला ना डोंगर ना खिंड. म्हणून राजधानीभोवती प्रचंड फौज ठेवावी लागली आणि त्या धान्यातला मोठा वाटा फौजच खायची. तरी ११२७ मध्ये शहर पडलंच. म्हणून नदीकाठ यांची 'झेप' मला अर्धीच मान्य आहे.

पाणपोई
एक शंका. खुलं शहर इतकं यशस्वी होतं, तर पुढच्यांनी ते का सोडलं? मंगोल युआन घराण्याच्या दादूमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, पुन्हा रात्रीची बंदी आली. पुढे मांचूंच्या छिंग घराण्याच्या काळात बीजिंगच्या गल्ल्यांच्या तोंडाशी लाकडी फाटकं होती, रात्री ती बंद व्हायची.

नदीकाठ
@पाणपोई, चांगला मुद्दा. युआन आणि छिंग हे दोन्ही जिंकून आलेले राज्यकर्ते. १६४८ साली मांचूंनी बीजिंगच्या आतल्या शहरातल्या हान (मूळ चिनी) रहिवाशांना दक्षिणेच्या बाहेरच्या शहरात हलवलं आणि आत आपल्या आठ निशाणांच्या (आठ झेंड्यांखाली विभागलेल्या) फौजा कुटुंबांसकट वसवल्या. फाटकं लावणाऱ्यांना आपल्याच प्रजेची धास्ती होती, शहर चालवायचा दुसरा मार्ग नव्हता म्हणून ती आली नाहीत. आत नाटकगृहांना मनाई केली, तर नाटकगृहं आणि बाजार छियनमन वेशीबाहेर फोफावले, आणि निशाणांचे शिपाईच मनाई मोडून तिथे जायला लागले. @धान्यकोठार, फौजेचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.