मदत हवी आहे: ब्लीडिंगनंतरही (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्यावरही) ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खोल जातं

गाडी 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस आहे. पुढचे दोन्ही रबरी ब्रेक होज तडकले होते म्हणून बदलले. नवीन डॉट 4 ब्रेक ऑइल भरून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असं दोनदा ब्लीड केलं. बुडबुडे थांबलेत, टाकीतली पातळी खुणेखाली कधीच गेली नाही.

तरी पहिला दाब स्पंजी. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की पेडल वर येऊन घट्ट होतं. दाबून धरलं तर खाली सरकत नाही, म्हणून मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) संशय नाही. गळती नाही. कॅलिपरचे हवा काढायचे निपल वरच्याच बाजूला आहेत.

हँडब्रेक 9 खटक्यांवर लागतो, म्हणजे मागच्या ड्रममधले ब्रेक शू सैल असतीलही. पण होज बदलण्याआधी पेडल चांगलं होतं, त्यामुळे सगळा दोष शूवर टाकायला मन घेत नाही.

जॅक, दोन स्टँड आणि पेडल दाबायला एक माणूस आहे, एबीएस युनिट चालवून त्यातली हवा काढायला लागणारा स्कॅनर नाही. ‘मातीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून एबीएस चालव’ हा सल्ला नको, असे ब्रेक घेऊन गाडी बाहेर काढणार नाही.

मागचे होज गुळगुळीत जबड्याच्या क्लँपने दाबून पेडल तपासलं, तर शू-ड्रममधली जास्तीची फट आणि एबीएस युनिटमधली हवा यांतला फरक खात्रीने कळेल का?