मदत हवी आहे : खळ्यावर (अंगणावर) रोखलेला कॅमेरा आणि खासगीपणाचा अधिकार

खाडीकाठ
गुहागर तालुक्यातील आमच्या घरी चुलत दिरांनी गणपतीत आले असताना कॅमेरा बसवला. तो आमच्या न्हाणीच्या दारावर रोखलेला असल्यामुळे, सासूबाई आंघोळ करून बाहेर आल्या की ते दृश्य दिरांच्या डोंबिवलीतल्या फोनवर दिसते. विचारले तर ‘चोऱ्या होतात’ एवढेच उत्तर मिळते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे ना? मग अर्ज कोठे करावा, तेवढेच सांगावे. समजुतीने घ्या, असा सल्ला कृपया देऊ नये.

जुना कारकून
२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा अधिकार अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत मानला, हे खरे. परंतु मूलभूत अधिकार शासनाविरुद्ध मागायचे असतात, दिराविरुद्ध नव्हे. शिवाय कॅमेरा कोणाच्या भिंतीवर आहे, हे आपण लिहिलेलेच नाही.

सुरमाड
कारकूनसाहेब, ही समजूत जुनी झाली. कौशल किशोर प्रकरणात ३ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने बहुमताने सांगितले की अनुच्छेद १९ आणि २१ मधील अधिकार खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात.

जुना कारकून
मान्य. पण एका कॅमेऱ्यासाठी या ताईंनी रिट याचिका घेऊन मुंबईला खेपा घालायच्या काय?

सुरमाड
मुंबईला नव्हे. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात.

आगरातली खोली
आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे, ही माझी सर्वांना विनंती आहे.

सुरमाड
येथे आधारचा प्रश्न कोणी विचारला आहे?

नवा वाचक
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ खाली डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करावी. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

जुना कारकून
व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला डेटाचा वापर या कायद्यातून वगळलेला आहे, आणि दिरांचा बचाव नेमका हाच असेल. दंड झालाच तरी तो सरकारजमा होतो, सासूबाईंच्या हाती काहीच येत नाही. खाडीकाठताई, भिंत कोणाची?

खाडीकाठ
भिंत आणि खळे दोन्ही सामाईक आहेत; घरपट्टी अजून आजेसासऱ्यांच्या नावे येते. मला ते सांगण्यासारखे वाटले नाही. कॅमेरा आवाजही टिपतो. सासूबाई शेजारणीशी जे बोलल्या, ते दिरांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर चित्रफितीसह टाकले.

जुना कारकून
हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते! ‘चोरीसाठी कॅमेरा’ हा बचाव त्या चित्रफितीपुढे टिकणे कठीण आहे, म्हणून ती तारखेसह जपून ठेवावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ लाही स्त्रीचे खासगी कृत्य पाहिलेले किंवा चित्रित झालेले लागते. तेव्हा न्हाणीच्या आतले काही दिसत नसेल, तर पोलीस ही कलमे लावायला कचरतील. आधी वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि तेवढ्याने न भागल्यास दिवाणी न्यायालयात मनाई हुकमासाठी दावा लावावा. सहहिस्सेदाराला सामाईक भिंत वापरता येते, पण म्हणून दुसऱ्या हिस्सेदाराच्या न्हाणीवर नजर ठेवण्याचा हक्क त्याला मिळत नाही, असे तेथे मांडता येईल. पुट्टस्वामी निकालाचा आधार घ्यायचा तो याच मुद्द्यासाठी.

सुरमाड
तोवर हिरवी जाळी बांधावी.

खाडीकाठ
जाळी आम्ही का बांधायची? नोटीस देते. दार उघडे असताना आतले दिसते की नाही, हे त्यांच्या फोनवर पाहिल्याशिवाय कसे कळणार?

जुना कारकून
कॅमेऱ्याच्या जागी शिडीवर उभे राहून फोटो काढावा. दार एकदा उघडे ठेवून आणि एकदा मिटून.