ब्रूक्सच्या जोडीला जेरी यॉर्कही हवा

अमेरिकन कॉलेज आइस हॉकीचा सर्वात मोठा प्रशिक्षक कोण, या प्रश्नावर एकाने हर्ब ब्रूक्सचं नाव घेतलंय. मान्य, १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये त्याच्या संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला हरवलं आणि सुवर्णपदकही जिंकलं. पण ते सुवर्णपदक अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचं. कॉलेजपुरतं बोलायचं तर त्याची मिनेसोटा विद्यापीठाकडून तीन विजेतेपदं आहेत, आणि तिथे माझं मत जेरी यॉर्कला.

क्लार्कसन, बोलिंग ग्रीन आणि मग बॉस्टन कॉलेज अशा कॉलेज संघांचं त्याने तब्बल ५० वर्षं प्रशिक्षण केलं. १९७२ ला सुरुवात, २०२२ ला निवृत्ती, १,१२३ विजय. राष्ट्रीय विजेतेपदं पाच, त्यातलं पहिलं १९८४ चं बोलिंग ग्रीनकडून. तो अंतिम सामना म्हणजे निव्वळ वेडेपणा होता. बोलिंग ग्रीन मागे असताना पक (खेळातली रबरी चकती) मैदानाच्या कडेच्या फळीवर आपटून भलतीकडेच उडाला, गोलकीपर जाळीच्या मागे अडकलेला, समोर मोकळा गोल! बरोबरी झाली आणि मग चौथ्या जादा वेळेत ५-४. गंमत म्हणजे हे घडलं लेक प्लॅसिडलाच, ब्रूक्सच्या चमत्काराच्या गावी.

बॉस्टन कॉलेज हे यॉर्कचं स्वतःचंच कॉलेज, पण तिथे लगेच काही जमलं नाही. १९९८ आणि २००० च्या अंतिम फेरीत हार. २००१ ला नॉर्थ डकोटाला जादा वेळेत हरवलं, तेव्हा कॉलेजला १९४९ नंतर पहिल्यांदा विजेतेपद मिळालं. मला तर पाच करंडकांपेक्षा ही चिकाटीच जास्त भावते.