प्रतिसाद: जॅकी चॅन म्हणजे नुसता विनोद?

वर कोणीतरी लिहिलंय की खरा लढवय्या ब्रूस ली, जॅकी चॅन म्हणजे नुसती माकडउड्या मारणारी करमणूक. मला हे अजिबात पटत नाही. अलका, राहुल थिएटरमध्ये असले सिनेमे बघत वाढलेल्या पुणेकराने तरी असं म्हणू नये!

लहानपणापासून हाँगकाँगच्या पेकिंग ऑपेराच्या (म्हणजे पारंपरिक चिनी संगीत नाटकाच्या) शाळेत कोलांट्या, गाणं, तलवारबाजी, सगळं एकत्र शिकलेला हा माणूस. सॅमो हंग आणि युएन बियाव हे हाँगकाँगच्या मारधाडपटांतले नटही तिथलेच. १९७२च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त ब्रूस लीची लाथ खाऊन भिंत फोडत मागे फेकला जाणारा खलनायक आठवतो? त्या नटाच्या जागी डमी म्हणून मार खाणारा तो जॅकीच. म्हणजे मार खाण्यातूनच तो वर आला.

१९८५च्या 'पोलीस स्टोरी'चा शेवट पुन्हा बघा. मॉलमध्ये वरच्या मजल्यावरून खांबावर झेप, आणि दिव्यांच्या माळा फोडत थेट खाली. आपल्याकडे मल्लखांब करणाऱ्या पोरांना विचारा, नुसत्या गुळगुळीत लाकडावरून घसरताना तळहाताचं काय होतं ते. इथे तर पेटते दिवे होते; त्याचे हात भाजले. तीच उडी वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ दाखवलीय, डमी नाही हे दिसावं म्हणून.

पुढच्याच वर्षी 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी झाडावरून पडून कवटी फुटली, तरी बरा होऊन सिनेमा पुरा केला. २०१६ला मानद ऑस्कर मिळालं. माझ्या मते फार उशिरा. आणि त्याच्या स्टंट टीममधल्या पोरांबद्दल तर कोणी बोलतच नाही, काचा त्यांनीही अंगावर घेतल्यात.