कंपनीच्या हिशेबातून कामगार, भांडवल आणि सरकारचा वाटा कसा काढायचा?

रबाळेकर
रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान प्रायव्हेट लिमिटेडचं नफातोटा पत्रक समोर आहे. पीएफ सरकारच्या रकान्यात टाकायचा का? जीएसटी कुठे धरायचा?

हिशेबनीस
पीएफ कामगाराचाच. तो कर धरला की पुढचे सगळे आकडे चुकतात.

मूळ पगार अधिक महागाई भत्ता १५,००० धरा, बाकी भत्ते नाहीत. कापले जातात: पीएफ १,८००, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ११३, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना २५,००० पर्यंत माफ). हातात १२,८८७. मालक वरून भरतो: पीएफ १,८००, ईएसआय ४८८, पीएफचा प्रशासकीय खर्च आणि विमा मिळून १५०. म्हणजे कंपनीला कामगार पडतो १७,४३८ ला. मधल्या ४,५५१ पैकी निव्वळ कर फक्त २०० चा. पीएफचे ३,६०० हा लांबणीवर टाकलेला पगार (त्यातले १,२५० पेन्शन खात्यात), ईएसआय हा विमा.

मालकाचे २,४३८ कायद्याने त्याच्या खिशातून जातात, पण ते सीटीसीत (कामगाराशी ठरलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यात) आधीच धरलेले असतील तर भार कामगारावरच पडतो. चलन कोण भरतो यावरून भार कोणाचा हे कळत नाही.

ठाणे_वागळे
जीएसटी दोन्हीकडून वगळा. विक्री जीएसटीशिवाय, कच्चा माल आणि वीजही क्रेडिट मिळालेला (आपल्या जीएसटीतून वळता झालेला) जीएसटी सोडून. विक्रीतून ही खरेदी वजा केली की उरतं ते मूल्यवर्धन; त्याचेच तीन वाटे करायचे. बँकेचं व्याज त्यातून वजा करू नका, तो भांडवलाचाच वाटा.

नफ्यावर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ११५बीएएचा सवलतीचा दर घेतला असेल तर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर, म्हणजे २५.१७. शंभरातले ७४.८३ लाभांश म्हणून वाटले आणि भागधारक ३० टक्क्यांच्या टप्प्यात असला, तर उपकरासह आणखी २३.३५ जातात. हातात ५१.४८ उरतात. नफा कंपनीतच ठेवला तर दुसरा घाव बसत नाही, म्हणून लहान कंपन्या लाभांश क्वचितच देतात. संचालकाचं मानधन मात्र नीट तपासा. घरच्या कंपनीत नफाच पगाराच्या रूपाने बाहेर पडतो आणि कामगारांचा वाटा उगाच फुगलेला दिसतो.

हिशेबनीस
याच्या उलटही होतं, आणि ते जास्त खटकतं. कंत्राटी कामगारांचं बिल ‘लेबर चार्जेस’मध्ये जातं. ते कच्च्या मालासारखं वजा केलं, तर शॉपफ्लोअरवरचे निम्मे हात हिशेबातून गायब होतात.

रबाळेकर
मग अख्खं बिलच कामगारांच्या रकान्यात घेऊ?

हिशेबनीस
नको. बिलात १८ टक्के जीएसटी आणि कंत्राटदाराचं कमिशन असतं. बिलासोबतचं हजेरी-पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयची चलनं मागा. तेवढीच रक्कम कामगारांकडे घ्या आणि मूल्यवर्धनातही परत जोडा.