बालविभागात डिजिटल म्हणजे टॅबलेट की आवाज? नागपूरच्या वाचनालयांसाठी चर्चा

वाचनकट्टा
शहरातल्या वाचनालयांत सध्या एक ठरलेला क्रम दिसतो. देणगीदार मिळाला की टॅबलेट घ्यायचे, त्यात गोष्टींचं ॲप टाकायचं आणि फीत कापायची. माझं म्हणणं, हा पैसा आधी ध्वनिमुद्रणावर आणि छपाईवर जावा. मराठी, हिंदी, इंग्रजी बालपुस्तकं दुकानात मिळतात. देवलापारकडची गोंडी, जरीपटक्यातली सिंधी, कळमना-पारडीकडची छत्तीसगढी आणि आपली स्वतःची वऱ्हाडी-नागपुरी, यांतली बालपुस्तकं मागून पाहा. जे विकत मिळत नाही ते तयार करायला डिजिटल साधन वापरावं. जे विकत मिळतं तेच काचेवर दाखवायला नव्हे.

१७०२ साली नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजा होता, हे दर भाषणात येतं. बालविभागाच्या कपाटात गोंडीचं पान मात्र नसतं.

जागेचा आणि खर्चाचा अंदाज यावा म्हणून: पाच मिनिटांची गोष्ट एका चॅनेलवर, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटवर मुद्रित केली तर मूळ वेव्ह फाइल साधारण २६ एमबीची होते. ६४ केबीपीएसची एमपीथ्री केली की तीच अडीच एमबीच्या आत. म्हणजे शंभर गोष्टी अडीचशे एमबीत बसतात. फोन कोणाकडेही असतो, कॉलर माईक स्वस्त आहे, आवाज कापायचं-जोडायचं ऑडासिटी सॉफ्टवेअर फुकट आहे. बोला.

महालातला
बोलतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान वर्गातलं वाचनालय डोळ्यासमोर आणा. देवघेव, वर्गणी, वर्तमानपत्रं, झाडलोट, सगळं एकाच माणसाच्या अंगावर. त्याने गोष्टी मुद्रित करायच्या, कापायच्या, छापायच्या? दुसरं, तपासणीला माणूस येतो तेव्हा दाखल नोंदवही बघतो. ध्वनिफितीला दाखल क्रमांक कुठला देणार? ज्याला क्रमांक नाही ते वाचनालयाचं नाही, आणि माणूस बदलला की ते पेनड्राइव्हसकट गायब.

टॅबलेट निदान पावतीवर घेतलेली वस्तू असते.

कपाट३९८
दाखल क्रमांकाची अडचण सुटते. गोष्टीची छोटी पुस्तिका छापा. ए-४ चे चार कागद मधून दुमडले की सोळा पानं होतात. पानं चारच्या पटीतच ठेवायची, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. पुस्तिकेला दाखल क्रमांक द्या आणि ध्वनीची नोंद ‘सोबतची सामग्री’ म्हणून त्याच नोंदीत करा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर भाषेच्या रकान्यात गोंडीसाठी ‘जी-ओ-एन’ हा स्वतंत्र कोड आहे, तो भरा. बहुतेक ठिकाणी सगळं ‘मराठी’ म्हणून चढवतात आणि मग ‘गोंडीत काय आहे?’ या प्रश्नाला संगणक ‘काही नाही’ म्हणतो. शीर्षकं युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं शीर्षक पडद्यावर मराठी दिसतं, शोधात सापडत नाही.

माझा वाद वेगळाच आहे. अशा उपक्रमातून जे तयार होतं ते सगळं ३९८.२ मध्ये, म्हणजे लोककथांच्या फळीवर जातं. मराठी मुलाला शाळेची, क्रिकेटची, भुताची, विज्ञानाची गोष्ट आणि गोंड मुलाला फक्त जंगल, वाघ आणि पूर्वज. ही विविधता नव्हे, हे संग्रहालय झालं. दहा गोष्टी मुद्रित करणार असाल तर निदान पाच आजच्या हव्यात: एसटी चुकली, मोबाइल हरवला, वसतिगृहातला पहिला दिवस.

काहून_बा
तुमचं सारं बराबर हाये, पण पोट्ट्याच्या मायबापाले इंग्रजी पायजे. वाचनालयात येऊन वऱ्हाडी कायले आयकन थो? घरी तेच तं बोलते.

वाचनकट्टा
@काहून_बा भाऊ, म्हणूनच ऐकू द्यायचं. गोष्ट कानाला ओळखीची असली की छापील ओळीत पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज मूल बांधतं. वाचायला शिकताना त्या अंदाजाचा आधार होतो. पुस्तिकेत वरची ओळ घरच्या बोलीत, खाली प्रमाण मराठी, हवी तर तिसरी इंग्रजी. तीन भाषा एकाच पानावर असतील तर चित्राला निम्मं पान सोडा आणि एका पानावर दोन वाक्यांच्या वर जाऊ नका, नाहीतर मूल फक्त चित्र बघून पान उलटतं.

टॅबवाली_बाजू
आवाज, आवाज करताय, पण कर्णबधिर मुलांचं काय? भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे, तिचं स्वतःचं व्याकरण आहे. तिच्यातली गोष्ट कागदावर उतरत नाही आणि स्पीकरवर वाजत नाही. तिला पडदाच लागतो. शालेय पुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्यासाठी एनसीईआरटीने २०२० मध्येच भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राशी करार केला. वाचनालयं कुठे आहेत?

आणि चित्रीकरण अवघड नाही. डोक्याच्या थोडं वरपासून कमरेपर्यंतची चौकट, बाजूला हात पूर्ण पसरतील इतकी मोकळी जागा, मागे एकरंगी पडदा, अंगात त्वचेच्या रंगाहून वेगळा गडद सदरा. उजेड समोरून, खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो, आणि सांकेतिक भाषेत चेहरा म्हणजे निम्मं वाक्य. सांगणारी व्यक्ती स्वतः कर्णबधिर असलेली उत्तम. ऐकू येणारा माणूस बहुधा मराठी वाक्यरचनाच हातांनी करून दाखवतो.

टॅबलेटला सरसकट नावं ठेवू नका. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेच्या, २०१५ पासून चालू असलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पुष्कळ गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. श्रेय दिलं की भाषांतर, छपाई, अगदी विक्रीसुद्धा चालते. गोंडीतल्या गोष्टीही तिथे आहेत. उतरवून ठेवल्या की इंटरनेट लागत नाही.

देवलापार_रस्ता
त्या गोष्टी उतरवण्याआधी इथल्या माणसाला वाचून दाखवा. गोंडी महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगणा एवढ्या पट्ट्यात बोलली जाते आणि भागाभागात बदलते. बस्तरकडच्या गोंडीतली गोष्ट रामटेक-पारशिवनीच्या मुलाला अर्धवट कळते. गडचिरोलीची माडिया तर आणखी लांब. इथली बोली छिंदवाडा-शिवनीकडच्या गोंडीला जवळची. म्हणून ‘गोंडी’ लिहून थांबू नका, पुस्तिकेवर आणि नोंदीत गाव-तालुका लिहा.

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप आणलं, त्यात गोंडी आहे. कोणीतरी म्हणेलच की यंत्राकडून भाषांतर करून घेऊ. ॲपची गोंडी छत्तीसगढची आहे, आणि ॲप आलं तेही बीटा, म्हणजे चाचणीच्या रूपात. कच्चा मसुदा म्हणून वापरायला हरकत नाही. इथल्या बोलीच्या माणसाने मोठ्याने वाचून दुरुस्त केल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नका.

लिपीवरून भांडण होणार, ते आत्ताच मिटवलेलं बरं. मसराम गोंडी लिपी १९१८ ची, युनिकोडमध्ये २०१७ ला आली. गुंजाळा गोंडी ही दुसरी लिपी २०१८ ला. दोन्हींचे नोटो फॉन्ट फुकट मिळतात, पण जुन्या अँड्रॉइडवर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. मुखपृष्ठावर शीर्षक मसराममध्ये चित्र म्हणून टाका, आतला मजकूर देवनागरीत.

जरीपटका_पूर्व
सिंधीचं दुखणं उलटं आहे. अरबी वळणाच्या लिपीत ५२ अक्षरं, देवनागरी सिंधीत ॻ, ॼ, ॾ, ॿ ही जास्तीची अक्षरं. आणि नातवंडांना बहुधा दोन्ही येत नाहीत. तिथे आधी आवाज, मग लिपी. त्यामुळे वाचनकट्टा यांचा मुद्दा सिंधीला सगळ्यात जास्त लागू पडतो.

मोमिनपुऱ्यासाठी उर्दू पुस्तिका करणार असाल तर बांधणी उजवीकडून येते हे छापखान्याला आधी सांगा. मराठी-उर्दू एकत्र करायचं असेल तर दोन मुखपृष्ठं ठेवा, दोन्ही गोष्टी मध्ये येऊन भेटतील. उर्दूचं नस्तालीक वळणाचं अक्षर ओळीत तिरकं उतरतं, त्याला ओळींमधलं अंतर देवनागरीपेक्षा बरंच जास्त लागतं. नाही सोडलं तर वरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, कापले जातात आणि शब्दच बदलतो.

तांत्रिक_कोपरा
ध्वनिमुद्रणात काय बिघडतं ते लिहितो, कारण ‘फोन कोणाकडेही असतो’ हे वाक्य फार सोपं झालं.

नागपुरात पहिला शत्रू कूलर. पंख्याची घरघर खालच्या पट्टीत असते, १०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कापला की बरीचशी जाते. कूलरचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. तो काढायला गेलात की माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणून ध्वनिमुद्रण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. रिकामी खोली घुमते. भिंतीला दोन गाद्या टेकवा, खाली सतरंजी टाका. माईक हनुवटीखाली एक वीत. सांगणारी बाई असेल तर माईक मंगळसूत्रापासून दूर, पदराच्या काठावर लावा, आणि बांगड्यांचा हात मांडीवर राहू द्या. आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे. एकदा फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरता शिवता येत नाही.

आणि एकट्या माईकपुढे आजीला बसवू नका. गोष्ट हुंकाराशिवाय चालत नाही. समोर दोन मुलं बसवा, त्यांचा ‘हूं’ आला तर येऊ द्या, तो गोष्टीचाच भाग आहे.

क्यूआर कोडबद्दल. फुकटच्या संकेतस्थळावरून बनवलेला ‘डायनॅमिक’ कोड, म्हणजे त्याच संकेतस्थळामार्फत पुढे नेणारा, मुदत संपली की मरतो, आणि तो पुस्तिकेवर छापलेला असतो. थेट पत्ता असलेला साधा कोडच घ्या, आणि तो पत्ता संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा असू द्या. आकार दोन सेंटिमीटरच्या खाली नको, भोवती पांढरी किनार हवी, चकचकीत लॅमिनेशन नको. ट्यूबलाइटची चमक पडली की फोन कोड वाचत नाही.

महालातला
आणि फोन बापाच्या खिशात, बाप कामावर. कोड कोण स्कॅन करणार?

तांत्रिक_कोपरा
बरोबर. म्हणून कोड ही दुय्यम सोय. बालविभागात मेमरी कार्डचा साधा स्पीकर आणि चार हेडफोन पुरतात. हेडफोनची कमाल पातळी ८५ डेसिबलवर मर्यादित असलेले घ्या. स्पंजच्या गाद्या घामाने खराब होतात, रेक्झिनच्या पुसता येतात. घरी न्यायला व्हॉट्सॲप चालेल. पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, आणि सांगणाऱ्याचं नाव-गाव गोष्टीच्या सुरुवातीलाच आवाजात घ्या. पुढे पुढे जाताना खालचं लिहिलेलं श्रेय गळून पडतं, आवाजातलं गळत नाही.

टॅबलेटवाल्यांसाठी एकच: पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात ते चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीची चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंश, आणि आपलं बाहेरचंच तापमान तिथे जातं. फुगलेली बॅटरी मुलाच्या हातात द्यायची वस्तू नव्हे. इंटरनेटशिवाय चालणारं कोलिब्री हे शिक्षणाचं सॉफ्टवेअर चालवायला छोटं संगणक-बोर्ड घेण्याऐवजी जुना लॅपटॉप घ्या. वीज गेली की बोर्डाचं मेमरी कार्ड बिघडतं, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते.

कपाट३९८
परवानगीचं कोणीच बोललं नाही. सांगणाऱ्याची संमती त्याच्याच भाषेत मुद्रणाच्या सुरुवातीला घ्या: कुठे वाजणार, छापणार का, नंतर काढून टाक म्हटलं तर काढणार का. काही गाणी आणि कथा ठराविक विधीतच सांगायच्या असतात. त्या विचारल्याशिवाय मुद्रित करायच्या नाहीत, नाही म्हटलं की विषय संपला. मुलाचा आवाज वा चेहरा घेणार असाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. प्रवेश अर्जातली एक ओळ त्याला पुरत नाही.

टॅबवाली_बाजू
मग माझा हिशेब असा: समजा आठ टॅबलेट घेणार होतात, तर त्याऐवजी दोन. दोन्ही सांकेतिक भाषेसाठी आणि चित्र मोठं करून बघण्यासाठी. उरलेला पैसा तुमच्या आवाजाला आणि कागदाला. पण सांकेतिक भाषेच्या गोष्टींना पहिल्याच वर्षात जागा हवी, ‘पुढच्या टप्प्यात’ नको.

महालातला
दोन टॅबलेट मान्य. माणसाचा प्रश्न मात्र अजून तिथेच आहे. मूळ फाइली कोणाच्या ईमेलवर ठेवणार? आजवर दिसलेला प्रकार असा की खातं ग्रंथपालाच्या खाजगी पत्त्यावर उघडलेलं असतं, तो नोकरी सोडतो आणि संग्रह त्याच्याबरोबर जातो.

वाचनकट्टा
संस्थेच्या नावाचं खातं, त्याला सचिव आणि ग्रंथपाल दोघांचे मोबाइल क्रमांक जोडलेले. मूळ फाइलींच्या तीन प्रती: एक वाचनालयातल्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, एक दुसऱ्या वाचनालयाकडे. डिस्कला दाखल क्रमांक द्या आणि वार्षिक मोजणीत पुस्तकांबरोबर तीही उघडून बघा. पासवर्ड बंद लिफाफ्यात, कार्यकारिणीच्या कपाटात.

काहून_बा
कपाटाची चाबी कोनापाशी राह्यते, तेबी लिहून ठेवा मंग.