स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीवरचं (स्क्रीनवरचं) इमल्शन, म्हणजे डिझाइनसाठी लावलेला प्रकाशाने कडक होणारा थर, निघत नाही, डाग राहतो

नागपूर, महाल. टी-शर्टची प्लास्टिसॉल शाई टर्पेंटाइनने पुसून इमल्शन काढायचं रिमूव्हर लावतो, तरी इमल्शन पट्ट्यापट्ट्यांनी चिकटून राहतं. काय चुकतंय?

↪ भाऊ, टर्पेंटाइननंतर साबण लावता का? जाळीवर तेलाचा पातळ थर राहिला की रिमूव्हर इमल्शनपर्यंत पोचतच नाही. आधी भांड्यांच्या साबणाने दोन्ही बाजू घासा, धुवा. मग ओल्या जाळीवर सोडियम मेटापिरिओडेटचं रिमूव्हर दोन्हीकडून नायलॉन ब्रशने लावा, १-२ मिनिटं थांबा. इमल्शन सुटून ओघळायला लागलं की खालून वर प्रेशरने पाणी मारा.

↪ आणि रिमूव्हर जाळीवर वाळू देऊ नका! आपल्याकडे मे महिन्यात ते बघता बघता वाळतं. मग इमल्शन असं पक्कं बसतं की जाळीच बदलावी लागते. एका वेळी एकच स्क्रीन, तीही सावलीत. उन्हात उरलेलं इमल्शन आणखी कडक होतं.

↪ इमल्शन गेल्यावर अक्षरांची फिकट सावली उरली, तर तो शाईचा डाग. त्याला हेझ रिमूव्हर लागतं. ते बहुतेक वेळा कॉस्टिक (कातडी भाजणारं) असतं, हातमोजे-चष्मा हवाच. जाळीची भोकं मोकळी असतील तर मात्र डाग राहू द्या, छपाईत उतरत नाही.